रेड्याच्या कॅनमधून गेलेली गाठ

आभाराचं लिहायला बसले की माझा हात अडखळतो. गेली काही वर्षं मी फक्त पत्रकं लिहिली. पाण्याच्या टाकीचं पत्रक, रेशनच्या गव्हातल्या खड्यांचं पत्रक, एसटीच्या पासाचं पत्रक. कोल्हापुरात ज्या छापखान्यात मी प्रुफं तपासते, तिथले मालक ती पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्रावर उरल्यासुरल्या कागदावर छापून देतात. पत्रकाला एक शत्रू लागतो, तीन प्रश्न लागतात आणि शेवटी 'जाब द्या' लागतं. आभाराला यातलं काहीच चालत नाही. तरी लिहिते, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांतल्या एका माणसावर मीच पत्रक काढलं होतं.

तो माणूस म्हणजे आमच्या भागातल्या दूध केंद्राचा गुरांचा डॉक्टर. माझी आत्ती, म्हणजे वडिलांची बहीण, जोतिबाच्या डोंगराखालच्या एका गावात दोन म्हशी पाळून राहते. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. आत्तीनं मला वाढवलं, शिकवलं, शहरात पाठवलं. त्या उन्हाळ्यात तिची म्हैस तीनदा भरवली आणि तीनदा उलटली. पुन्हा माजावर यायची, गाभण राहीना. त्या वेळी आमच्याकडं रेडा घेऊन फिरायचे दिवस संपत आले होते. केंद्राचा डॉक्टर मोटारसायकलला एक जाडजूड ॲल्युमिनियमचा कॅन बांधून यायचा. कॅनमध्ये द्रवरूप नायट्रोजन, बर्फालाही थंडी वाजेल असा, आणि त्यात रेड्याचं बीज भरलेल्या बारीक नळ्या. झाकण उघडलं की पांढरा धूर बाहेर. पोरं गोळा व्हायची.

म्हैस तीनदा उलटल्यावर मी चहाच्या गाड्यावर ऐकलं की डॉक्टर नायट्रोजन परस्पर विकतो, आतल्या नळ्या मेलेल्या असतात. ऐकलं आणि छापलं. 'कॅन रिकामे, म्हशी रिकाम्या!' असा मथळा. खाली तीन प्रश्न. शेवटी जाब द्या. बाजारात, स्टँडवर, दूध घालायच्या रांगेत मी स्वतः वाटलं. चौकशी झाली, डॉक्टरावर काही निघालं नाही. मी म्हटलं, दाबलं असणार.

पुढच्या दिवाळीनंतर मी गावी गेले तेव्हा आत्ती डाव्या हातानं धार काढत नव्हती. उजव्यानंच सगळं चाललेलं. विचारलं तर म्हणाली, "अवघडलंय जरा." आंघोळीच्या वेळी मी पाणी द्यायला गेले आणि बघितलं. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ, वरची कातडी आत ओढलेली.

"कधीपासनं हाय हे?"

"आखाडापासनं आसंल. दुधाची गाठ म्हंत्यात तिला."

"कसली दुधाची? तुला पोर झालंय का कधी?"

"मग तुला कोण पाजलं? म्हस?" आत्ती हसली. मला हसू आलं नाही. (आमच्याकडं बायकासुद्धा 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात, म्हणून पुढं तिच्या बोलण्यात ते येईल, शहरातल्या लोकांनी दचकू नये.)

दुसऱ्याच दिवशी तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात नेलं. सर्जन तरुण, मुंबईला शिकून नुकताच आलेला. त्यानं सुरीनं गाठीचा छोटा तुकडा काढला. आपल्याकडची पद्धत अशी, की तुकडा बाटलीत घालून नातेवाइकाच्या हातात देतात आणि म्हणतात, जा, लॅबला देऊन या. सिस्टरनं बाटलीत फॉर्मालिन ओतलं, तुकडा बुडेल इतकंच. मी तिथंही लढले. "एवढंसंच का? सरकारी आहे म्हणून कंजुषी? भरा पूर्ण!" सिस्टरनं माझ्याकडं बघितलं आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. मी ती छातीशी धरून, रंकाळ्याच्या बाजूच्या लॅबपर्यंत जवळजवळ पळत गेले. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

कॅन्सर निघाला. आत्तीला सांगू नका, असं सर्जन म्हणाला. तेव्हा तसंच असायचं, रोग्याला सोडून सगळ्या गावाला ठाऊक. मी म्हटलं, अंग तिचं, कळायलाही तिलाच पाहिजे. कॉटवर बसून सांगितलं.

"मला ठावं हाय की," आत्ती म्हणाली. "तुमी दोघं दाराआड कुजबुजताय म्हंजे सर्दी न्हवं एवढं कळतंय मला."

मग सर्जनच खुर्ची ओढून बसला आणि आम्हा दोघींना जे सांगितलं, ते मी अजून विसरले नाही. स्तन काढावा लागणार हे ठरलेलं. पण काखेतही गाठी लागत होत्या, म्हणून ऑपरेशननंतर औषध द्यावं लागणार, आणि कुठलं द्यायचं हा खरा प्रश्न. "बाईच्या अंगात एक रस असतो," तो म्हणाला, "ज्याच्यामुळं पाळी येते, स्तन भरतात. काही गाठींच्या पेशींमध्ये तो रस पकडून धरणाऱ्या जागा असतात. अशी गाठ त्या रसावर पोसते. आता एक गोळी आली आहे, ती त्या जागांवर जाऊन बसते. रसाला जागा मिळत नाही, गाठ उपाशी पडते."

"आणि जागाच नसल्या तर?" मी विचारलं.

"तर गोळीचा फारसा उपयोग नाही. मग जालीम इंजेक्शनं. पण यांच्या हृदयाची एक झडप खराब आहे. ती इंजेक्शनं यांना झेपतील असं मला वाटत नाही."

"मग गोळीच द्या की सरळ."

"देईन. आणि गाठ त्या जातीची नसली तर? सहा महिने गोळीवर विसंबून बसायचं आणि ती तोवर पसरायची? आंधळेपणानं द्यायची नाही मला." मग तो म्हणाला, "आणखी एक. ज्यांच्या गाठीत त्या जागा सापडतात त्या बायका बऱ्याचदा जास्त काळ बऱ्या राहतात. पुढचं काय, याचा थोडासा अंदाज त्यातून येतो."

त्या जागा मोजण्याची तपासणी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत होत होती. मी लगेच म्हटलं, लॅबमध्ये तुकडा आहेच, मी उद्या घेऊन जाते.

सर्जननं मान हलवली. "तो फॉर्मालिनमध्ये आहे. फॉर्मालिननं पेशींचा आकार टिकतो, पण त्या जागा मरतात. त्या मोजायच्या तर ताजी गाठ अर्ध्या तासाच्या आत गोठवावी लागते, आणि मुंबईत पोचेपर्यंत तशीच गोठलेली ठेवावी लागते. साधा बर्फ चालत नाही. मुंबईत असतो तर प्रश्नच नव्हता. इथं द्रवरूप नायट्रोजन कुठून आणू?"

बाटली गळ्यापर्यंत भरून घेणारी मी. तो म्हणाला, तो तुकडा तसाही पुरला नसता, मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं. आणि त्याच क्षणी मला कळलं होतं की नायट्रोजन कुठं आहे. कुणाकडं आहे, तेही.

केंद्रावर पोचले तेव्हा डॉक्टर एका म्हशीच्या मागं उभा होता, डावा हात खांद्यापर्यंत तिच्या आत. मला बघून त्यानं हात काढला नाही.

"या की, पत्रकवाल्या बाई. आज काय, दुसरी आवृत्ती?"

शेजारी म्हैस धरून उभा असलेला म्हातारा खो खो हसला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आत्तीची गाठ, मुंबई, गोठवणं. बोलताना आवाज मोठाच लागला, मला दुसरा येत नाही. डॉक्टर ऐकत राहिला. मग हात बाहेर काढला, "गाभण हाय, म्हातारबा, पेढे आणा," म्हणाला आणि हौदावर जाऊन कोपरापर्यंत साबण लावत बसला. मला वाटलं आता हाकलतो.

"आत या."

आत चार कॅन ओळीनं ठेवलेले. त्यानं माझ्या हातात एक लाकडी पट्टी दिली. "बुडवा. तळाला टेकू द्या. आता काढा आणि हवेत हलवा."

पट्टीच्या खालच्या भागावर बघता बघता पांढरं दव गोठलं. वर एका जागी ते रेघेसारखं थांबलं.

"ती रेघ म्हंजे नायट्रोजनची पातळी. रोज सकाळी बघतो मी. तुमच्या आत्तीची म्हस उलटली ती मला भर दुपारी बोलावलं म्हणून. उन्हाळ्यात म्हशीचा माज पहाटंचा असतो, दुपारपर्यंत निघून जातो. आत्तींना मी दोनदा सांगितलंतं. त्या म्हणाल्या, सकाळी शेण कोण काढणार?"

हे आत्तीनं मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. पट्टी बुडवायला जितका वेळ लागतो तितका वेळसुद्धा मी त्या पत्रकाला दिला नव्हता.

"चुकलं माझं," मी म्हटलं.

"व्हय, चुकलंच," तो म्हणाला. "माझी पोरं शाळेत जायची बंद झाली होती आठवडाभर. असू दे. ऑपरेशन कधी हाय?"

बस, एवढंच. त्यानं सर्वांत लहान कॅन रिकामा करून धुवायला काढला, वरिष्ठांची परवानगी स्वतः घेतली, आणि मुंबईला जाणाऱ्या दुधाच्या टँकरच्या केबिनमध्ये माझी आणि कॅनची जागा ठरवली. एसटीत धूर सोडणारा कॅन कुणी चढू दिला नसता. मी आत्तीला हे सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "जनमभर म्हशीसाठी त्या कॅनाची वाट बघितलो, आता माझाच लंबर लागला व्हय!" मग एकदम म्हणाली, "त्यात रेड्याचं काय राहिलं असलं तर?"

"धुतलाय गं."

"मुंबईच्या डॉक्टरला सांग हां. न्हायतर म्हंतील, बाई गाभण हाय."

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर कॅन घेऊन थिएटरच्या दारात हजर. पायात गमबूट. वॉर्डच्या सिस्टरनं त्याला अडवलं. "कोण तुम्ही?"

"जनावरांचा डॉक्टर."

"इथं माणसं असतात."

"ठावं हाय, बाई. मी पन माणूसच हाय."

मी मध्ये पडणार, तेवढ्यात सर्जननं आतून निरोप धाडला आणि त्याला दारापर्यंत येऊ दिलं. मी काचेतून बघत होते. गाठ बाहेर आली. सर्जननं तिचा एक भाग कापून ट्रेमध्ये ठेवला आणि पुन्हा आत्तीकडं वळला. आणि ती, तीच सिस्टर, जिनं माझ्या सांगण्यावरून बाटली भरली होती, सवयीनं ट्रे उचलून फॉर्मालिनच्या बाटलीकडं निघाली. वर्षानुवर्षांचा हात, त्याला विचारावं लागत नाही. मी काचेवर दोन्ही मुठी आपटल्या आणि ओरडले, "थांबा! बाटलीत नको!" आयुष्यात माझ्या ओरडण्याचा खरा उपयोग एवढा एकदाच झाला असावा. सिस्टर दचकून थांबली, ट्रेकडं बघितलं आणि चटकन दाराकडं आली. डॉक्टरनं तुकडा उकळलेल्या चिमट्यानं उचलून चांदीच्या कागदात गुंडाळला, दोरा बांधला, चिठ्ठी लावली आणि कॅनमध्ये सोडला. फस्स झालं. पांढरा धूर थिएटरच्या दारात पसरला. म्हैस भरवताना जितका शांत असतो तितकाच तो शांत होता. झाकण लावून माझ्याकडं बघून म्हणाला, "आडवा करायचा न्हाई. काही झालं तरी उभाच."

संध्याकाळी टँकर निघाला. मी कॅन दोन पायांत धरून बसले. ड्रायव्हर निपाणीकडचा, बोलका. थोड्या वेळानं न राहवून त्यानं विचारलं, "ताई, कुठल्या जातीचा रेडा हाय ह्यात?"

"रेडा न्हाई. माझी आत्ती हाय."

त्यानं वेग कमी केला आणि वळून कॅनकडं बघितलं. मग मी सांगितलं, तेव्हा त्यानं खड्डा आला की आधी मला हाक मारायला सुरुवात केली. "ताई, खड्डा! धरा आत्तीला!"

मुंबईच्या प्रयोगशाळेत एक मध्यमवयीन शास्त्रज्ञ बाई होत्या, पांढरा कोट, केसांना रबर. त्यांनी झाकण उघडलं, दोरा ओढला, गोठलेला तुकडा बशीत टाकला. खडा पडल्यासारखा आवाज आला. "कुणी गोठवलं हे?"

"आमच्याकडचे गुरांचे डॉक्टर."

त्यांनी आतल्या दोघांना बोलावून दाखवलं. बाहेरगावचे नमुने येतात ते एक तर फॉर्मालिनमध्ये, नाहीतर वाटेत वितळलेले, असं त्या म्हणाल्या. मला पहिल्यांदा कुणाच्या तरी वतीनं अभिमान वाटला, आणि तो ज्याच्या वतीनं वाटला त्याच्यावर मी मथळा लावला होता.

त्यांनी मला काम समजावून सांगितलं: तुकडा वाटायचा, त्याचा रस काढायचा, त्यात खूण लावलेला तो बायकी रस मिसळायचा आणि किती चिकटून राहतो ते मोजायचं. मग जरा अडखळत विचारलं, "थोडा भाग उरेल. आम्ही ठेवून घेऊ का? पुढं कोणत्या बाईचं कसं चालतं ते आम्ही वर्षानुवर्षं बघतो. याचा तुमच्या आत्तींना फायदा होईल असं नाही. नंतरच्यांना होईल."

माझ्यातली पत्रकवाली उठून बसली. गरीब बाईचं मांस, मुंबईचं संशोधन. मथळा आपोआप जुळत होता. पण या वेळी मी पट्टी बुडवली. "आत्तीला विचारून कळवते," म्हटलं. त्या बाई म्हणाल्या, "जरूर. तुम्ही नाही म्हणालात तरी तपासणी होईलच." परतल्यावर आत्तीला विचारलं. टाके ओले होते, तरी म्हणाली, "ठेवा म्हनावं की. मला काय लोणचं घालायचं हाय?" मग थोड्या वेळानं, भिंतीकडं तोंड करून, "कुना पोरीबाळीच्या कामी आलं तर बरंच हाय." मी तिचा अंगठा घेऊन संमतीचा कागद पाठवला.

उत्तराला काही आठवडे लागणार होते. त्या दिवसांत मी आत्तीच्या हाताचा व्यायाम घ्यायची: भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची, रोज थोडी जास्त. इंजेक्शनांचा विचार मनातून जात नव्हता. सर्जननं ती सुरू केली नव्हती; म्हणाला, कागद येईपर्यंत थांबू, त्याहून जास्त नाही. याच दिवसांत मी डॉक्टरची माफी मागणारं पत्रक छापलं. तो नको म्हणाला होता: "आता कशाला? लोकं विसरलीत, तुम्ही आठवण करून देणार." मी तरी त्याच जागी उभं राहून वाटलं. आरोपाचं पत्रक लोक हिसकावून घेतात. माफीचं हातात घेऊन, बघून, परत देतात. एक माणूस म्हणाला, "ताई, कोनावर हाय?" मी म्हटलं, "माझ्यावर." तेव्हा त्यानं घेतलं.

पाकीट आलं त्या दिवशी आम्ही दवाखान्यातच होतो, जखम दाखवायला. सर्जननं ते आमच्यासमोर फोडलं. कागदावर एकच आकडा आणि शेजारी एक शब्द. त्यानं तो दोनदा वाचला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, आत्ती माझ्या तोंडाकडं.

"आहेत," तो म्हणाला. "जागा आहेत. भरपूर."

"म्हंजे चांगलं का वाईट?" आत्तीनं विचारलं.

"म्हणजे गोळी. इंजेक्शनं नकोत."

"आनि मी किती दिवस हाय?"

मला वाटलं तो आता उडवून लावेल. पण त्यानं कागद टेबलावर ठेवला आणि आत्तीशी सरळ बोलला. "ते हा कागद सांगत नाही, आत्ती. कुणीच सांगू शकत नाही. एवढंच सांगतो की दोन वाटा होत्या आणि तुमची गाठ बऱ्या वाटेवरची निघाली. परत येणारच नाही असं वचन मी देत नाही. दर तीन महिन्यांनी यायचं."

आत्तीनं तो कागद उचलून उलटसुलट बघितला. "वचन न्हाई दिलासा ते बरं केलासा," ती म्हणाली. "दिलं असतं तर मी इस्वास ठेवलो नसतो."

त्याला आता चार वर्षं होत आली. तीन महिन्यांचे सहा महिने झाले. ज्या दिवशी जायचं असतं त्याच्या आदल्या दिवशी आत्ती कुणाशी बोलत नाही, आणि मीही कामावर प्रुफात चुका ठेवते. परवा पुन्हा गेलो होतो. सर्जनचे केस कानाजवळ पिकायला लागलेत. त्यानं काख चाचपली, मान चाचपली, दुसरी बाजू चाचपली. मी खिडकीपाशी उभी होते. त्या प्रयोगशाळेतल्या बाई, ती सिस्टर, खड्डे सांगणारा ड्रायव्हर, आणि हात धुऊन 'ऑपरेशन कधी हाय?' विचारणारा तो माणूस, यांतलं एक जरी माणूस गळलं असतं तर आम्ही त्या गोळीवर इतक्या निर्धास्तपणे हात ठेवला नसता, हे मला त्या खिडकीत दरवेळी आठवतं.

"काही लागत नाही," सर्जन म्हणाला.

आत्तीनं पदर सावरला. "मग सोडा की लवकर. धारंची वेळ झाली."